पहिली हरणाची शिकार आणि हाक्यातली माणसं

रात्रपाळी सुटली की घरी जायच्या आधी मी रद्दीवाल्याकडं एक फेरी मारतो. सूतगिरणीत आठ तास तुटलेले धागे सांधून डोळे चुरचुरत असतात, कानात मशीन घुमत असतं. पण किलोच्या भावानं पुस्तक मिळायची माझ्या माहितीतली ही एकच जागा. शाळा दहावीत सुटली. पुढची शाळा ही अशी, तागडीवरची.

मागच्या पावसाळ्यात तिथं एक जाडजूड पुस्तक मिळालं. पुठ्ठा गेलेला, पहिली पानं उंदरांनी खाल्लेली, त्यामुळं लिहिणाऱ्याचं नावही गेलेलं. कुणा संस्थानिकाच्या घरातला माणूस असावा. शिकारीच्या आठवणी होत्या. त्यात पहिल्या काळविटाच्या शिकारीवर चार पानं. वय बारा. पहाटेचं धुकं, बापानं हातात दिलेली बंदूक, गालाला लागणारा दस्त्याचा गारवा, छातीत वाजणारा ढोल. माळावरून कळप येतो. पुढं काळा नर, पिळाची शिंगं पाठीवर टाकलेली. श्वास थांबतो. बार होतो. नर उंच उडतो आणि पडतो. बाप पाठ थोपटतो, भोवतालची माणसं मुजरे करतात, आणि त्या दिवशी आपण पोराचे पुरुष झालो असं तो लिहितो.

दोस्तहो, खोटं कशाला बोलू, वाचताना माझ्याही अंगावर काटा आला. माणसानं लिहिलंय चांगलं. पण त्या चार पानांत एक वाक्य होतं, की हाकाऱ्यांनी कळप नेमका समोर आणून दिला. एकच वाक्य. हाकारे किती, कुठल्या गावचे, कुणाची पोरं, काही नाही. मी ते वाक्य पुन्हापुन्हा वाचलं. कारण त्या वाक्यात मला माझा पणजा उभा दिसला.

तोच हाका असेल असं मी म्हणत नाही. पण असाच एक हाका आमच्या घरात सांगत आलेत. आज्या सांगायचा, "माझा बा तवा बारा वर्साचा असंल. आदल्या सांजंला म्हारवाड्यात हाळी आली, घरटी एक माणूस हाक्याला. त्याचा बा तापानं फणफणलेला. मग ह्यो गेला." बंदुकीमागचं पोरगं बारा वर्षांचं, हाक्यातलं पोरगंही बारा वर्षांचं. दोघांचीही पहिलीच शिकार.

पणज्याच्या हातात पत्र्याचा डबा आणि काठी दिली. मोठ्यांच्या गळ्यात हलग्या. कोंबडं आरवायच्या आधी रांग धरायची, आणि उजाडलं की कोकलत, वाजवत पुढं सरकायचं. काटा टोचला तरी थांबायचं नाही, रांग मोडायची नाही, कारण फट पडली की कळप त्या फटीतून निसटतो आणि मग चाबूक ठरलेला. पणजा सांगायचा म्हणे, की कळप उठला आणि हरणांनी अशा उड्या घेतल्या, की भूक, वेठ, चाबूक सगळं विसरलो. पोरगंच ते. त्यालाही थरार आला होता. मग बार झाले. त्यातला एक खाली लागला. पणज्याच्या मांडीत दोन छर्रे शिरले.

कुणी विचारलं नाही. संध्याकाळी मोजदाद झाली ती हरणांची. मांस वाड्यावर गेलं, कातडी वाड्यावर गेली, शिंगं भिंतीवर गेली. म्हारवाड्याला आतडी आणि खूर मिळाले. जखमेत तंबाखू आणि चुना दाबला. एक छर्रा आपोआप बाहेर आला, दुसरा आतच राहिला. आज्यानं लहानपणी त्याला बोट लावलं होतं. कातडीखाली ज्वारीच्या दाण्याएवढा, कठीण, बोटाखाली सरकणारा. म्हातारा मेला तेव्हा छर्राही त्याच्याबरोबर मातीत गेला.

कुठल्या संस्थानातला हाका ते मी लिहीत नाही. नाव लिहिलं की सगळे म्हणतील, तो राजा तेवढा वाईट होता. प्रश्न एका राजाचा नाही.

प्रश्न असा आहे, की शिकारीचा थरार हा कुणाचा हक्क होता? मी जमेल तसं वाचलं. जे सापडलं ते मांडतो.

पहिल्यांदा मनुस्मृती, कारण आपल्या बापानं २५ डिसेंबर १९२७ ला महाडात जाळलेलं पुस्तक काय बोलतं ते आपल्याला माहीत पाहिजे. सातव्या अध्यायात राजाची व्यसनं मोजलीत. वासनेतून येणारी दहा, त्यात पहिलंच नाव मृगयेचं. म्हणजे राजानं शिकार केली तर ते व्यसन. जपावं, आवरावं, एवढंच. आता दहावा अध्याय उघडा. मेद, आंध्र, चुंचू, मद्गू या संकर ठरवलेल्या जातींनी काय करायचं? रानातली जनावरं मारायची. पुक्कसांनी काय करायचं? बिळातली जनावरं पकडून मारायची. म्हणजे एकच काम. राजानं केलं तर शौक, आणि यांनी केलं तर जात. शौक सोडता येतो. जात कशी सोडणार?

अजून बघा. दुसरा अध्याय सांगतो, काळवीट जिथं आपसूक चरतं तो देश यज्ञाला लायक, त्यापलीकडं म्लेंच्छांचा देश. म्हणजे देश पवित्र आहे की नाही याची खूण एका हरणाच्या पायात ठेवली. त्याच अध्यायात ब्रह्मचाऱ्यानं अंगावर काय घ्यायचं ते आहे. ब्राह्मणानं काळविटाचं कातडं, क्षत्रियानं रुरू नावाच्या हरणाचं, वैश्यानं बोकडाचं. मेलेल्या जनावराचं कातडं अंगावर घेऊन पोरगा द्विज होतो. आणि गावातलं मेलेलं ढोर ओढून नेणारा, त्याचं कातडं सोलणारा आणि कमावणारा विटाळाचा धनी होतो. कातडं दोन्हीकडं मेल्या जनावराचंच. फरक एवढाच, की एक त्यावर बसतो आणि दुसरा ते सोलतो.

कौटिल्य या बाबतीत रोखठोक आहे. जुगार आणि शिकार यांत वाईट काय याचा वाद घालताना तो शिकारीची बाजू घेतो. व्यायाम होतो, मेद झडतो, घाम निघतो, पळत्या आणि उभ्या निशाण्यावर नेम धरायची सवय होते, भ्यालेलं आणि चिडलेलं जनावर काय करतं ते कळतं. म्हणजे शिकार ही राज्य करण्याची शाळा. भ्यालेलं जीव कुठं पळतं, हे ज्याला कळलं त्याला माणसांना कसं पळवायचं तेही कळलं. राजाच्या पोराला पहिली शिकार एवढी वाजतगाजत का करवत, ते इथं उमगतं. नेम शिकवायला मैदान पुरेसं होतं. पण शंभर माणसं आपल्या एका बारासाठी धावतात, ही गोष्ट अंगात भिनवायला माळ लागतो, हाका लागतो.

आता एकलव्याकडं या. आपल्या कवितांत तो इतक्यांदा आलाय की त्याचा अंगठा गुळगुळीत झाला. पण ती गोष्ट सुरू कुठून होते ते आपण विसरतो. आदिपर्वात ती सुरू होते शिकारीपासून. द्रोणाची परवानगी घेऊन कौरव-पांडवांची पोरं रथांत बसून शिकारीला निघतात. मागून सामान घेऊन कुणी एक माणूस कुत्र्यासह येतो. त्याला नाव नाही, तोही आमच्या पणज्यातलाच. ते कुत्रं रानात भटकतं आणि त्याला दिसतो एकलव्य. काळा, मळलेल्या अंगाचा, अंगावर काळविटाचं कातडं. कुत्रं भुंकायला लागतं. का भुंकणार नाही? शिकारीचं कुत्रं ते, हरणाचं कातडं बघून भुंकलं. एकलव्यानं त्याच्या तोंडात सात बाण मारले आणि भुंकणं बंद केलं. त्या दिवशी राजपुत्र हरणाच्या शिकारीला गेले होते. हरीण मारलं का, ते व्यास सांगत नाही. शिकार झाली ती एका अंगठ्याची. दोस्तहो, कातडं पांघरलेला निषादाचा पोर आणि हरीण, यांत कुत्र्याला फरक कळला नाही हे ठीक. गुरूलाही कळला नाही.

हे सगळं पुराण आहे असं कुणी म्हणेल. मग लेखी इतिहास घ्या. बादशहा जहांगीरनं स्वतःचं चरित्र लिहिलं. मोठा शिकारी. वयाच्या बाराव्या वर्षापासून पन्नाशीपर्यंतचा शिकारीचा हिशोब त्यानं काढून घेतला. त्याच्या समोर २८,५३२ जनावरं मारली गेली, त्यातली १७,१६७ त्यानं स्वतःच्या हातानं मारली. एकेक आकडा टिपलेला. आणि त्याच वहीत, १६१० च्या सुमाराची एक नोंद आहे. एक नीलगाय बंदुकीच्या टप्प्यात आली होती. तेवढ्यात एक मोतद्दार आणि दोन कहार, म्हणजे पालखी उचलणारे भोई, मधे आले. नीलगाय बुजून पळाली. बादशहा खवळला. मोतद्दाराला जागेवर मारायला सांगितलं, कहारांच्या पायांच्या शिरा तोडायला लावल्या आणि गाढवावर बसवून छावणीतून फिरवलं, पुन्हा कुणाची हिंमत होऊ नये म्हणून. हे त्यानं स्वतः लिहिलंय, लपवलेलं नाही. लपवायचं काय त्यात? ज्याच्या वहीत सतरा हजार जनावरांचा चोख हिशोब आहे, त्याच्या वहीत या तीन माणसांची नावं नाहीत. याच जहांगीरनं मनसराज नावाच्या आपल्या पाळीव हरणासाठी मिनार बांधला. तो आज पाकिस्तानात शेखुपुऱ्याला उभा आहे. हरणाचं नाव इतिहासाला माहीत आहे.

म्हणजे हिंदू राजा असो, मुसलमान बादशहा असो, नाहीतर गोरा साहेब असो, बंदुकीमागचा धर्म बदलला, हाक्यातली माणसं तीच राहिली. इथं महार, मांग, रामोशी, तिकडं भिल्ल, कातकरी, गोंड. महारकी वतनात तर ही वेठ कायद्यानंच बांधलेली. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात १८७४ च्या वतन कायद्याला दुरुस्ती आणली ती यासाठीच. चोवीस तास राबणूक, आणि महार घरात नसला तर त्याच्या घरातलं कुणीही धरून न्यायचं. माझ्या पणज्याला तापलेल्या बापाच्या जागी उभं केलं, ते असंच. ती वतनं कायद्यानं जायला १९५८ साल उजाडलं.

मग आपल्याकडं दुसरी कुठली गोष्टच नव्हती का? होती. ती गाडली होती.

जातकात निग्रोधमृगाची कथा आहे. बनारसच्या राजाला हरणाच्या मांसाची चटक. रोज शिकार, आणि रोज गावोगावची माणसं वेठीला. शेतं पडून राहिली, धंदे बसले. शेवटी लोकांनीच डोकं चालवलं. राजाच्या बागेत गवत-पाणी केलं, काठ्या घेऊन रान वेढलं, झाडं बडवत कळप बागेत कोंडले आणि म्हणाले, महाराज, आता इथंच मारा, आम्हाला सोडा. बघा, अडीच हजार वर्षांपूर्वीच्या काळाची म्हणून सांगितलेली गोष्ट, पण हाका आहे, वेठ आहे, आणि वेठीला कंटाळलेली माणसंही आहेत. पुढं हरणं पाळी लावतात. एका गाभण हरणीची पाळी येते. तेव्हा हरणांचा राजा निग्रोध स्वतः जाऊन ओंडक्यावर मान ठेवतो. राजा हलतो, आणि हरणांनाच नव्हे तर सगळ्या जनावरांना, पाखरांना, माशांना अभय देतो. कथा इथं संपत नाही. सुटलेली हरणं लोकांची पिकं खायला लागतात. मग निग्रोध आपल्या कळपाला सांगतो, आजपासून कुणाच्या पिकाला तोंड लावायचं नाही. अभय मिळालेल्यानंही दुसऱ्याच्या पोटाचा विचार करायचा, हे त्या हरणाला कळलं. बुद्धानं पहिला उपदेश केला तोही सारनाथच्या मृगदायात, हरणांच्या रानात. धम्मचक्राच्या दोन्ही बाजूंना हरणं बसवतात ती उगीच नव्हे. तिथं धावपळ नाही. ती ऐकताहेत.

आणि मग अशोक. पहिल्या शिलालेखात तो सांगतो, की पूर्वी माझ्या मुदपाकखान्यात रोज कितीतरी लाख जीव मारले जात. आता फक्त तीन मारतात, दोन मोर आणि एक हरीण, आणि तेही हरीण रोज नाही. पुढं तेही मारणार नाहीत. राजाच्या घरच्या जेवणाचा हिशोब खडकावर कोरलेला मी तरी दुसरीकडं कुठं वाचला नाही. पण माझा आवडता लेख आठवा. त्यात तो म्हणतो, पूर्वीचे राजे विहारयात्रेला निघत, त्यात मृगया आणि तसल्या मौजा असत. मी राज्याभिषेकाला दहा वर्षं झाल्यावर संबोधीला, म्हणजे बोधगयेला गेलो आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाली. तीत काय होतं? श्रमण-ब्राह्मणांची भेट, म्हाताऱ्यांची भेट आणि त्यांना मदत, खेड्यापाड्यांतल्या माणसांची भेट, धम्माबद्दल सांगणं आणि विचारणं. आणि शेवटी तो सांगतो, की मला यात जास्त आनंद मिळतो.

हे वाक्य मला फार मोठं वाटतं. अशोक थरार नाकारत नाही. शिकारीत आनंद नव्हता असं तो म्हणत नाही. तो म्हणतो, याहून मोठा आनंद मला सापडला, माणसाला भेटण्याचा. शिकारीला निघालेल्या राजापुढं जनपदातली माणसं हाकारे म्हणून उभी असायची. धम्मयात्रेत तीच माणसं समोर बसून बोलतात.

हा आठवा लेख दूर कुठं ओरिसात-गुजरातेत आहे असं समजू नका. त्याचा एक तुकडा आपल्या सोपाऱ्यात सापडला, आजच्या नालासोपाऱ्याजवळ, मुंबईच्या लोकलच्या टप्प्यात. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना तो मिळाला. त्याच वर्षी त्यांनी तिथला स्तूप खणला. त्या टेकाडाला आसपासचे लोक काय म्हणत माहीत आहे? बुरूड राजाचं कोट. बुद्धाचा स्तूप लोक विसरले, पण टेकाड कुणाचं, तर टोपल्या विणणाऱ्या बुरडाचं, एवढी आठवण राहिली. इतिहासाची पानं फाटली तरी माणसांच्या तोंडात असा एखादा शब्द उरतो. पुढं नवव्या लेखाचा तुकडाही त्याच भागात सापडला. साल होतं १९५६. त्याच वर्षी नागपुरात आपण अशोकाच्या वाटेवर परत आलो.

पण अशोकालाही मी फुकट सोडणार नाही. तेराव्या लेखात तो जंगलातल्या लोकांना बजावतो, की देवानांप्रियाला पश्चात्ताप झालाय, पण त्याच्या हातात ताकद आहे, तुम्ही सुधरा नाहीतर मराल. पाचव्या स्तंभलेखात न मारायच्या जनावरांची लांब यादी आहे, आणि ठरावीक दिवशी कोळ्यांनी मासे मारू नयेत असा हुकूम आहे. करुणा खरी होती. पण राजवाड्यातली करुणा रानात पोचेपर्यंत तिचा हुकूम होतो, आणि तो हुकूम पडतो ज्याचं पोट त्या रानावर आहे त्याच्यावर.

आपल्या काळात हेच झालं. १८७८ या एकाच वर्षी इंग्रजानं दोन कायदे केले. एक जंगलाचा, एक हत्यारांचा. एकानं रान गेलं, दुसऱ्यानं बंदूक गेली. साहेब आणि संस्थानिक परवान्यानं शिकार करत राहिले. आणि ज्यांची शिकार हीच शेती, त्यांचं काय? फासेपारधी बघा. फास लावून हरीण धरणारे, शिकवलेल्या गाईच्या आडोशानं कळपाजवळ सरकणारे ते गायपारधी, चित्ते पाळून शिकवणारे ते चितेपारधी. राजांच्या चित्त्यांची शिकार ज्याच्या कसबावर चालायची, तो हा माणूस. डोळ्यांवर टोपी घातलेला चित्ता बैलगाडीतून कळपाजवळ न्यायचा, टोपी काढायची, सोडायचा. चित्त्यानं हरीण पाडलं की लाकडी पळीत रक्त देऊन त्याला बाजूला काढायचा. सगळं कसब पारध्याचं, शिकार राजाची. आणि १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा १९११ साली देशभर पसरला तेव्हा अशा जमातींतलं पोर जन्मतःच गुन्हेगार ठरायला लागलं. पोलिसात हजेरी, तारेच्या कुंपणाची वसाहत.

१९५२ साल लक्षात ठेवा. त्या वर्षी ३१ ऑगस्टला तो कायदा रद्द झाला आणि या जमाती विमुक्त झाल्या. त्याच वर्षी भारतातून चित्ता संपल्याचं सरकारनं जाहीर केलं. शेवटचे तीन चित्ते १९४७ मध्ये मध्य भारतातल्या एका राजानं मारले असं मानतात. चित्ता कुणी संपवला? ज्यांच्याकडं बंदुका होत्या त्यांनी. १९७२ ला वन्यजीव संरक्षणाचा कायदा आला, काळवीट पहिल्या यादीत गेलं. १९८० ला कर्जत तालुक्यात रेहेकुरीला काळविटांचं अभयारण्य झालं. काळवीट वाचलं पाहिजे, मी निग्रोधमृगाची गोष्ट उगीच सांगितली नाही. पण काळविटाला राखीव रान मिळालं, पारध्याला राखीव काय मिळालं? २०२२ ला नामिबियाहून विमानानं चित्ते आले. पारध्याचं पाल अजून गावाबाहेर आहे, आणि चोरी झाली की पोलीस पहिल्यांदा तिथंच जातात.

पोलीसच जातात का?

इथं मला माझी पहिली शिकार सांगायची आहे. हा लेख मी त्यासाठीच लिहायला घेतला, आणि इतकी पानं टाळत आलो. दोन वर्षांपूर्वी आमच्या वस्तीजवळच्या एका मळ्यातली पाण्याची मोटर गेली. ओढ्याच्या कडेला पारध्यांची चार पालं होती. रात्री पंधरा-वीस पोरं निघाली. त्यात गावातली होती आणि आमच्या वस्तीतलीही होती. मी होतो. हातात काठी होती. कुणीतरी म्हणालं, वेढा द्या, एकजण तिकडून, एकजण इकडून. आम्ही रांग धरली. कोकलत निघालो. पालातनं बायका-पोरं बाहेर पळाली. एक पोरगं, असेल बारा-तेराचं, उसात शिरलं. मी त्याच्या मागं धावलो. आणि दोस्तहो, मला थरार आला. छातीत ढोल वाजत होता. गावातली पोरं माझ्या बरोबरीनं धावत होती, कुणी माझी जात विचारत नव्हतं, उलट माझ्या नावानं ओरडत होती, धर, धर. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की मी गावातला आहे. बॅटरीच्या उजेडात त्या पोराचे डोळे दिसले. मी थांबलो. चांगुलपणानं नव्हे, पाय अडकून पडलो म्हणून. तेवढ्यात तो निसटला.

चार दिवसांनी मोटर सापडली. मळेवाल्याच्या घरातल्याच कुणीतरी ती विकली होती. पालं तोवर उठून गेली होती. कुणी विषय काढला नाही. मीही नाही.

मग ते रद्दीतलं पुस्तक हाती आलं, आणि हाक्याचं ते एक वाक्य. मला माझ्या पणज्याचा छर्रा आठवला, आणि आपण कुठं उभे होतो तेही कळलं. पहिल्या शिकारीचा खोल अर्थ विचारता? पहिल्या शिकारीत पोरगं एवढंच शिकतं, की आपल्या भीतीनं दुसरं कुणी पळू शकतं. राजाचं पोर ते बंदूक धरून शिकलं. मी ते काठी धरून शिकलो. व्यवस्था हुशार आहे. ती हाकाऱ्यालाही एका रात्रीपुरता शिकारी करते, आणि त्या एका रात्रीच्या बदल्यात जन्मभराचा हाका करून घेते.

त्यानंतरच्या एका साप्ताहिक सुट्टीला मी सायकल काढून माणगावला गेलो. हातकणंगले तालुक्यातलं माणगाव आमच्या गिरणीपासून लांब नाही. २१ आणि २२ मार्च १९२० ला तिथं अस्पृश्यांची परिषद झाली. अध्यक्ष होते अठ्ठावीस वर्षांचे भीमराव आंबेडकर. 'मूकनायक' निघून दोन महिनेही झाले नव्हते. परिषदेला शाहू महाराज आले. महाराज म्हणजे नावाजलेला शिकारी, चित्ते बाळगणारा राजा. त्या दिवशीच्या भाषणात त्यांनी स्वतःच सांगितलं, की आंबेडकरांचं भाषण ऐकायला मिळावं म्हणून आपण शिकारीवरून मुद्दाम इकडं आलो. आणि मग समोर बसलेल्या लोकांना सांगितलं, की तुम्ही तुमचा पुढारी शोधून काढलात.

शिकार सोडून राजा आमच्या माणसांत येऊन बसला. आठवा शिलालेख मला माणगावच्या मातीत दिसला. शाहूंनी शिकार कायमची सोडली नाही, ते अशोक नव्हते, आणि राजाची शिकार म्हणजे हाका आलाच. पण याच राजानं १९१८ साली आपल्या संस्थानात महार वतनं बंद केली, महार, मांग, रामोशी, बेरड यांची हजेरी बंद केली, फासेपारध्यांना जवळ घेऊन कामाला लावलं. ज्याच्या हातात बंदूक होती त्यानं ती खाली ठेवून चालत यायचं ठरवलं, तर काय होऊ शकतं ते माणगावला दिसलं.

आपल्या हातात बंदूक नाही. पण काठी आहे, गर्दी आहे, आता थोडं मतांचं बळही आहे. दोस्तहो, १४ एप्रिलला आपण निळे झेंडे घेऊन मिरवणूक काढू, डीजे लावू, घसा बसेपर्यंत घोषणा देऊ. काढूच. पण मिरवणुकीच्या आदल्या दिवशी मला तुमच्यातली चार-पाच पोरं पाहिजेत. ती चार पालं सध्या कुठं आहेत ते मी शोधून काढलंय. तीन गावं पलीकडं, रेल्वे रुळाच्या कडेला. पोरांचे जातीचे दाखले नाहीत, रेशन कार्ड नाही, शाळेत नाव नाही. फॉर्म मी आणून ठेवलेत. जाताना हलगी नको, घोषणा नकोत. लांबून आम्हाला रांगेत येताना बघितलं तर ती माणसं पुन्हा पळतील. एकेकटे जाऊ, हात मोकळे ठेवून.

ते पोरगं आता चौदा-पंधराचं असेल. त्यानं मला ओळखलं तर काय बोलायचं, ते मला अजून सुचलेलं नाही. पण मी पुढं जाऊन बसणार आहे.

जय भीम.